पट्ट्यावरची खूण

अर्धवट कातरलेली मेंढी पाओराने उभ्या आयुष्यात सोडली नाही. मेंढी लाथा झाडो, कंबर धरो, सुट्टीची घंटा होवो; हाताखालचं जनावर पूर्ण उघडं झाल्याशिवाय त्याचं मशीन थांबायचं नाही. वैरारापाच्या डोंगरांतल्या शेडमध्ये तो याच एका गोष्टीसाठी माहीत होता. गुडघे गेले तेव्हा त्याने कातरणं सोडलं, टोळी नाही सोडली. शेडोशेडी फिरून मेंढ्या कातरणारी ही टोळी घरचीच होती. मुलगी हुहाना ती चालवायची. पाओरा शेडच्या कोपऱ्यात बसून पात्यांना धार लावायचा आणि कोण अंग चोरतंय ते बघायचा.

त्या उन्हाळ्यात हुहानाची मुलगी तेरिना सुट्टीची टोळीबरोबर आली. वय चौदा, वर्षभरात ताडमाड वाढलेली. उतरवलेली लोकर कवळ्यात उचलायची, टेबलावर फेकून पसरायची, पुढची मेंढी यायच्या आत पायाखालच्या फळ्या झाडून काढायच्या. ती अंग चोरत नव्हती. सुट्टी संपत आली तसा तिचा उजवा खांदा बनियनमधून वर आलेला दिसू लागला. टोळीत त्याचं कौतुक झालं. लोकर फेकणाऱ्या बायकांचा उजवा खांदा भरतो, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल.

"खांदा कमावलाय पोरीने," एरुएरा म्हणाला. टोळीतला सगळ्यात वाह्यात कातरणारा तो. "काका, तुमची गादी आता हिला. मी बसलो बोंबलत."

पाओराला ते आवडलं. घरी गेल्यावर त्याने ते दोनदा बोलून दाखवलं.

मग एका दुपारी चहाच्या सुट्टीत तेरिना शेडबाहेरच्या नळाखाली डोकं धरून वाकली होती. उकाडा होता. पाओरा मागे आपल्या पाळीची वाट बघत उभा होता. भिजलेलं बनियन तिच्या पाठीला चिकटलं होतं. हात सैल लोंबत होते, अंगात कुठेही जोर नव्हता. तरी पाठीची उजवी बाजू वर उभी होती, पाव कलता ठेवावा तशी. डावी बाजू सपाट.

दंड, खांदा, पोटरी, कामाने भरलेलं काहीही असो, अंग सैल सोडलं की ते सैलावतं. पाओराने आयुष्य तसल्या अंगांत काढलं होतं. त्याने त्या उंचवट्यावर तळवा ठेवला. कातडीखाली मांस नव्हतं. बरगड्या होत्या.

"आजोबा, हात बर्फासारखा आहे तुमचा," तेरिना पाण्याखालून म्हणाली.

पाओराला एक थोरली बहीण होती, हेनी. तिची पाठ अशीच वर आली होती. घरात सगळे म्हणायचे, आळशी आहे, वाकडी बसते. बापाने झाडूचा दांडा तिच्या दोन्ही कोपरांमागून अडकवून तिला अंगणात फेऱ्या मारायला लावलं. पाठ सरळ झाली नाही. पुढे मोठेपणी चर्चची चढण चढताना ती मध्येच थांबायची, कुंपणाला धरून, आणि तिच्या छातीतून फाटक्या भात्यासारखा आवाज यायचा. हुहाना जन्मायच्या आधीच ती गेली. तो आवाज पाओराने कोणाला सांगितला नव्हता.

आठवडाभर तो गप्प राहिला. पात्यांना धार नीट लागेना. शेवटी हुहानाला बाजूला घेऊन त्याने एवढंच सांगितलं, की पोरीची पाठ डॉक्टरला दाखव.

एक्स-रेमध्ये कणा मधूनच एका अंगाला वळून गेलेला होता. डॉक्टरीणबाई शांतपणे बोलत होत्या. कामाने हे होत नाही, वाकडं बसण्यानेही नाही. पुष्कळदा कारण सापडत नाही. काही घराण्यांत मात्र असतं. तुमच्यात कोणाला होतं का, त्यांनी विचारलं. हुहाना नाही म्हणाली. पाओरा खिडकीबाहेर बघत राहिला. हेनीचं नाव घेतलं तर ती या खोलीत येऊन बसेल, असं त्याला वाटलं.

पोर अजून वाढतेय, तेव्हा बाकही वाढू शकतो. म्हणून कडक प्लास्टिकचं जाकीट, रात्रंदिवस, अंघोळीपुरतं काढायचं, उंची थांबेपर्यंत. तरीही बाक वाढत गेला तर ऑपरेशन, कण्याला सळ्या. तेरिनाने एकच प्रश्न विचारला.

"सळ्या नंतर काढतात का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "आतच राहतात."

तेरिनाने आईचा हात धरला तो गाडीत बसेपर्यंत सोडला नाही.

हुहाना टोळी घेऊन उजाडायच्या आत बाहेर पडायची. म्हणून सकाळच्या अंघोळीनंतर जाकीट बांधणं पाओराकडे आलं. मागे तीन पट्टे होते. प्रत्येकावर निळी खूण होती. तिथपर्यंत पट्टा बकलात यायला हवा. पहिल्या दिवशी त्याने ओढला. खूण जवळ आली, आणि तेरिनाचा श्वास फाटून बाहेर पडला. पाओराचा हात आपसूक सैल झाला.

"झालं," तो म्हणाला.

तिने मागे बोट नेऊन चाचपलं. "खूण अजून लांब आहे, आजोबा."

"पुरे तेवढं."

तिने बोट काढून घेतलं. तिलाही ते बरंच वाटलं असावं. मग रोज तसंच होऊ लागलं. तो खुणेकडे बघायचा आणि नजर काढून घ्यायचा. शाळेत पोरं तिच्या पाठीवर टकटक करून घरात कोणी आहे का विचारायची. सगळे बाहेर गेलेत, असं ती सांगायची. संध्याकाळी हे ती हसत ऐकवायची, आणि पाओरा हसणं ऐकायचं सोडून तिचा श्वास मोजायचा.

हिवाळ्यात दुसरा एक्स-रे झाला. बाक वाढला होता. ऑपरेशनपर्यंत पोचला नव्हता, पण वाट तीच होती. डॉक्टरीणबाईंनी जाकीट उलटं करून पट्टे बघितले. बकलाची घडी खुणेच्या पुष्कळ अलीकडे पडली होती.

"खुणेपर्यंत ओढता ना?"

पाओराने जाकीट सुलटं करायला हात पुढे केला.

"मीच सैल करते," तेरिना म्हणाली. "शाळेत गेल्यावर."

हुहाना परतीच्या सगळ्या वाटेवर तिला बोलत होती. सळ्या हव्यात का पाठीत, मी इकडे मरमर मरते आणि तुला पट्टा जड होतो. तेरिना काचेतून बाहेर बघत होती. मागच्या सीटवर पाओरा हात गुडघ्यांत धरून बसला होता. गाडी दारात थांबली तरी कोणी उतरलं नाही.

"तिने नाही," पाओरा म्हणाला. "मी. एक दिवसही पुरता ओढला नाही."

हुहाना वळून बघत राहिली. बापाने काम अर्धं सोडलं, हे तिच्या डोक्यात शिरेना. मग त्याने हेनीचं सांगितलं. दांडा, चढण, कुंपण, आवाज.

"बाबा, डॉक्टरांनी विचारलं होतं."

"हो."

"हेनीआजी त्यानेच गेली?" तेरिनाने विचारलं.

"त्यानेच. मी पट्टा ओढला की तुझा आवाज तिच्यासारखा येतो. मग माझा हात सुटतो."

तेरिनाने मागे वळून त्याच्याकडे बघितलं.

"तिचा आवाज पाठ वाकडी राहिली म्हणून होता ना?" ती म्हणाली. "माझा फक्त पट्ट्याचा आहे. मी ओरडेन, आजोबा. तुम्ही सोडू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बेसिन दोन्ही हातांनी धरलं. पाओराने शेडमध्ये ठेवायचा तसा एक पाय मागे रोवला. खालचा पट्टा ओढला. श्वास फाटला. त्याने डोळे मिटले नाहीत, हात सोडला नाही. निळी खूण बकलात आली. मधला. वरचा खुणेच्या अलीकडे अडला.

"अजून," ती दात आवळून म्हणाली.

तोही आला.

तिने वरून स्वेटर चढवला, दप्तर घेतलं. शाळेची वाट चढाची. पाओरा दारात उभा राहिला, ती मध्येच थांबते का ते बघत. ती थांबली नाही. वळणावर दिसेनाशी झाली, तरी तो दारातच होता, कान देऊन.