ता. क. मधली ताडपत्री

नांदेडच्या दवाखान्यात अण्णांनी, माझ्या थोरल्या भावानं, मला शेवटचं विचारलं ते घरादाराचं नव्हतं, ताडपत्रीचं होतं. "जालन्याच्या शेठला पत्र टाकलंस का?" हळद शिजवून वाळत घालायचे दिवस तोंडावर आलेले. मी दुकानातून फोन करून कधीच माल सांगितला होता. तरी म्हणालो, "टाकलं." "त्यांच्या घरी वैनीच्या गुडघ्याचं इचारलंस?" "इचारलं, अण्णा. पडा आता गप." दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले...

डोंगरकडा गावात आमचं दोरखंड-ताडपत्रीचं दुकान. जालन्याच्या शेठकडून माल मागवायचा तो पत्रानंच, हा अण्णांचा हट्ट. समोर गिऱ्हाईक ताटकळतंय आणि हे आंतर्देशीय पत्रावर शेठच्या घरची ख्यालीखुशाली विचारत बसलेत! ऑर्डर कुठे? तर सगळ्यात खाली, ता. क. मध्ये. आल्या आल्या माल मागणं त्यांना उद्धटपणाचं वाटे. एका वर्षी गुडघ्यावरच एवढं लिहिलं, की कागद संपला आणि ता. क. राहूनच गेलं. आठवड्यानं जालन्याहून दोन पानी उत्तर आलं, ताडपत्री एकही नाही. गावची हळद उघड्यावर अन् गिऱ्हाईक वसमतच्या बाजारात. मी कपाळावर हात मारला.

"फोन काहून करत न्हाई तुमी?" मी ओरडलोच.

"फोनवर माणूस घाईत ऱ्हातो रे," एवढंच बोलून त्यांनी नवं पत्र उघडलं. पुन्हा पहिल्यापासून गुडघा! अशा माणसापुढे डोकं आपटावं तरी किती?

तेराव्यानंतर शेठचा फोन आला. "माल पोचला ना? पण अण्णांचं पत्र काहून न्हाई आलं? आमची ही रोज इचारून राहिली. गुडघ्यानं घरात बसून असते, तीच वाचते ती पत्रं. मी नुसतं ता. क. बघतो."

मी सांगितलं. शेठ म्हणाले, "माझ्यानं तिला सांगवणार न्हाई. तुमीच लिहा दोन ओळी."

आज दुपारी गल्ल्यावर लिहायला बसलो. 'आदरणीय वहिनी' लिहिलं आणि पेन अडलं. वीस वर्षं अण्णांचं प्रत्येक पत्र मीच पेटीत टाकलं, पण त्या फजितीनंतर टाकण्याआधी बघायचो ते ता. क. मधले नग बरोबर आहेत की नाही एवढंच. वर ते नेमकं काय लिहायचे, ते मी कधी वाचलंच नाही.