गच्चीवरच्या काळ्या पट्ट्या

२०२३ साल. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा. शिक्षण तिसरी, पण लादीकामात माझी रेघ चुकली असं लालबाग-शिवडीत कोणी म्हणून दाखवावं.

माझी नात, मुलीची मुलगी, कॉलेजात फिजिक्स शिकवते. युनिव्हर्सिटीसाठी ती एक पुस्तिका लिहीत होती, विज्ञान आणि इस्लामची शिकवण एकत्र शिकवणारी. त्यात किब्ल्याचा, म्हणजे नमाजाला तोंड करायच्या दिशेचा, धडा होता. मे अखेरीस एका दुपारी सूर्य बरोबर मक्केच्या डोक्यावर येतो. त्या मिनिटाला काठी उभी केली की सावलीच्या उलट बाजूला किब्ला. उदाहरणाला तिने आमच्या बिल्डिंगची गच्ची घेतली. रमजानात तिथे नमाजाच्या रांगा लागतात, त्यासाठी काळ्या लाद्यांच्या पट्ट्या वीस वर्षांपूर्वी मीच बसवल्या.

त्या दुपारी गच्चीवर तिने काठी धरली, मी पट्टीला काटकोनात गुण्या लावला. सावली गुण्याच्या कडेने पडायला हवी होती. चांगली तिरकी पडली.

"काठी वाकडी धरलीस."

"ओळंबा लावलाय, नाना. तुमचाच."

खालच्या मजल्यावरचा माझा गिरणीवाला दोस्त बघायला आला होता. म्हणाला, "मिस्त्री, तुझी लाइन मक्केला नाही, रेसकोर्सला चालली रे."

"तू गप."

नातीने हळूच विचारलं, "बसवल्या तेव्हा थंडी होती का?"

होती. डिसेंबर. मक्का पश्चिमेला आणि सूर्य बुडतो ती पश्चिम, असं धरून मी मावळतीला दोरी लावली होती. ती म्हणाली, थंडीत सूर्य दक्षिणेकडे सरकून मावळतो. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मीही कोणाला विचारलं नव्हतं.

संध्याकाळभर मी एकटाच गच्चीवर पट्ट्या तपासत राहिलो. जेवताना तीच म्हणाली, "ही गच्ची काढून टाकते धड्यातून. दुसरी बघते."

"आणि एवढ्या लोकांची नमाज?"

"मौलवींना विचारलं. ज्याला माहीत नव्हतं त्याच्यावर गुन्हा नाही."

"आता मला माहीत आहे. त्याचं काय, बाय?"

तिने माझ्या ताटात भात वाढला.

"खरेपणावर काही लिहिलंयस त्यात?"

"पहिलंच पान."

"मग हीच गच्ची ठेव. लिही, मिस्त्री चुकला, डिसेंबरची मावळती धरून बसला. पण लाद्या एका रेघेत बसल्यात, तेही लिही."

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, छिन्नी-हातोडी घेऊन मी गच्चीवर गेलो आणि पहिली पट्टी उखडायला घेतली.