मुक्तिनाथाला निघण्याआधीचा खोकला

देवावर रागावून मी सव्वीस दिवस पूजा केली नाही. मुंज झाल्यापासून असं कधी घडलं नव्हतं, आणि हे लिहिताना आजही लाज वाटते.

निवृत्तीनंतर नेपाळात मुक्तिनाथाला डोंगरातून पायी जायचं मी ठरवलं होतं. कामोठ्यातले आम्ही आठ जण. वर्षभर पाठीवर ओझं घेऊन खारघरची टेकडी चढलो. रोगराईची मला फार धास्ती. तिथलं पाणी, टायफॉइड, कावीळ, कुत्रा चावला तर काय, सगळं वहीत लिहून बरोबरच्यांना छळायचो. एकाने लस घ्यायला टाळाटाळ केली, तेव्हा त्याला तोंडावर म्हणालो, "तुझ्यामुळे बाकीचे मरायचे." मला स्वतःला महिनाभर खोकला होता. तो मात्र बांधकामाच्या धुळीवर ढकलून मोकळा झालो होतो.

लशीसाठी वाशीच्या एका दवाखान्यात गेलो. शेजारी तळवलीच्या एक बाई बसल्या होत्या, सुनेला घेऊन आलेल्या. मी खोकलो तसं त्यांनी विचारलं, "दादा, किती दिस हाय ह्यो खोकला?"

"धुळीचा आहे."

"माजा घरवाला बी आसाच म्हनायचा. गेला तो. डाक्तरला सांग."

"तुम्ही तुमचं बघा ना," मी तोडून टाकलं.

माझा नंबर आला तशा त्या उठल्या आणि माझ्या मागून दारात येऊन डॉक्टरांना म्हणाल्या, "याचे छातीचा फोटो काढा. तो सांगनार नाय." माझं डोकंच फिरलं. सगळ्यांसमोर ओरडलो, "माझ्या आजारात नाक खुपसणाऱ्या तुम्ही कोण?"

"कोन नाय," त्या म्हणाल्या आणि जागेवर जाऊन बसल्या.

डॉक्टरांनी लस बाजूला ठेवून एक्स-रे आणि थुंकीची तपासणी सांगितली. फुप्फुसाचा टीबी निघाला, दुसऱ्याला लागणारा. सहा महिने गोळ्या. मुक्तिनाथ रद्द.

घरी येऊन देव्हाऱ्यासमोर उभा राहिलो. "तुझ्याच दारी येत होतो ना मी? मग मलाच का?" असं म्हणून पडदा ओढला. बायको तोंडाला मास्क लावून गुपचूप दिवा लावायची, त्याचाही मला संताप यायचा. सगळ्यात जास्त राग त्या बाईंचा. त्यांची जीभ वळवळली नसती तर मी विमानात असतो, हेच डोक्यात घोळायचं.

सव्विसाव्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. सोबतचे सात जण आणि बायको, सगळ्यांचे रिपोर्ट चांगले आले होते. डॉक्टरांनी विचारलं, "घरात लहान मूल?"

"मुलगी तीन महिन्यांच्या बाळाला घेऊन येणार होती. या आजारामुळे थांबवलं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "फार बरं झालं. एवढ्याशा बाळाच्या मेंदूपर्यंत जातो हा."

मी दवाखान्याच्या जिन्यातच बसलो. डोंगरातल्या मुक्कामी थंडीमुळे खिडक्या बंद करून एका खोलीत चौघे झोपणार होतो, तेही आठवलं. राग गेला नव्हता, पण आता तो माझ्यावर उलटला होता. इतरांच्या पाण्याची चौकशी करणाऱ्या मला स्वतःचा श्वास तपासावासा वाटला नव्हता. संध्याकाळी पडदा सारला. नुसतं डोकं टेकवलं.

पुढे डॉक्टरांनी बाहेर जायची परवानगी दिल्यावर तळवलीत विचारत विचारत त्या बाईंचं घर गाठलं. पाया पडायला वाकलो तर त्या मागे सरल्या. "मी काय केलं? तोंड हाय, बोल्ले. गोल्या घेतोस ना टायमावर?"

त्या कोण, देवाने पाठवलेल्या की आपणहून बोललेल्या, याचा मी काथ्याकूट करत नाही. एवढंच कळतं, की देवाने कुठे आणि कधी भेटायचं हे मीच ठरवून बसलो होतो आणि तसं झालं नाही म्हणून त्याच्यावर डाफरत होतो. मुक्तिनाथ अजून पाहिलेला नाही. कधी न्यायचं ते त्याच्यावर सोडलंय.

औषधं संपल्यावर मुलगी आली. दुपारी नात माझ्या मांडीवर झोपली. पायाला मुंग्या आल्या, तरी ती उठेपर्यंत मी हललो नाही.