ॲव्हरेज कुणी खाल्लं?

लातूरला नांदेड रोडवर आमचं डिझेल गॅरेज आहे. इंजिनाच्या डिझेल पंपाचं काम सलीमभाई बघतात, बिघाड शोधायचा स्कॅनर मी. रोज एखादा किस्सा आत येतो. हसावं तर समोरच्याची गाडी बंद! मला एका जागी बसवतच नाही.

*

जळकोटचे एक काका नवी पिकअप ओढत घेऊन आले. डॅशबोर्डवर 'युरिया संपला' असं आलं होतं. काकांनी शेतातल्या गोणीतला युरिया बादलीत कालवून टाकीत ओतला! मी कपाळाला हात लावला.

"काका, हे खत आहे! गाडीचा युरिया वेगळा, धूर साफ करायचा!"

"मग? उसाला चालतंय, गाडीला का न्हाई?"

धूर साफ करणारी अख्खी सिस्टिम बदलावी लागली.

*

मुरुडच्या जीपवाल्याची तऱ्हा दुसरीच. सायलेन्सरच्या फिल्टरचा लाइट पेटला, तर पठ्ठ्यानं वर काळी टेप चिकटवली. आठ दिवसांनी जीप वीसच्या पुढं पळेना. मी टेप सोलली.

"अजून हाय का ह्यो?" तो चकितच झाला.

*

सलीमभाईंची पद्धत ठरलेली. आधी गाडीतलं डिझेल काचेच्या बाटलीत, मग चहा, मग बोलणं. एकानं छातीठोक सांगितलं, "माझं डिझेल एक नंबर!" चहा संपेपर्यंत बाटलीच्या तळाला अंगठाभर पाणी. बघून म्हणतो कसा, "यंदा पाऊस लई झाला ना भाई!"

*

आणि हा गौतमचा. गौतम म्हणजे इस्लापूरपर्यंत माल नेणारा टेम्पो ड्रायव्हर. टेम्पोचं ॲव्हरेज लिटरला बारावरून नवावर आलं. मालक मेहुण्याकडून स्वस्तातल्या डिझेलचं बॅरल आणून तेच टाकीत भरत होते, पण संशय गौतमवर. "तू डिझेल विकून राहिला! महिनाअखेर सुट्टी तुला."

गौतम आमच्या दारात उभा राहिला. "सलीमभाई, इतकी वर्षं झाली. लेकराची शपथ, एक थेंब घेतला न्हाई."

मला इतका राग आला, पण करता काय येणार? नुसता स्कॅनर चालू-बंद करत बसलो.

सलीमभाईंनी मालकाला फोन लावला. "शेठ, आठ दिवस गाडी तुम्ही चालवा. गौतमला बाजूला बसवा. डिझेल तुमच्या बॅरलमधलंच घ्या."

ते आठ दिवस माझा जीव थाऱ्यावर नव्हता. नवव्या दिवशी शेठ स्वतः स्टेअरिंगवरून उतरले. टाकी भरून किलोमीटर मोजले. ॲव्हरेज आठ! गौतमपेक्षाही एक कमी.

सलीमभाईंनी शांतपणे हात पुसले.

"शेठ, आता कामावरून कुणाला काढायचं?"