जनकाकाकूचं करवंदाचं कुंपण

डोंगरकडा गावात कुणी जनकाकाकूचं शेत विचारलं की एकच उत्तर मिळतं, "उन्हाळ्यात जिथं हिरवं दिसंल तिथं वळा." वैशाखात सगळं शिवार करपलेलं असतं, पण काकूच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, करवंदाच्या जाळ्या हिरव्यागार. हळदीत रानडुकरं घुसायची म्हणून तिनं त्या लावल्या. काटे बघून डुकरं मागं फिरली, पण माणसं यायला लागली. कुणाला लोणच्याला कच्ची करवंदं, कुणाला पिकलेली, तर पोरांना जंत झाले की कुणाला मुळी. काकू म्हणते, "तोडा, पण फांदी मोडू नका रे मुडद्यांनोऽऽ!" शेवटचा शब्द ती एवढा वर चढवते की माळावरच्या शेळ्यासुद्धा चरायच्या थांबतात.

तिचं खरं दुखणं म्हणजे पलीकडच्या शेताचा संतराम. उन्हाळ्यात धुऱ्यावरचं वाळलेलं गवत पेटवायची आमच्याकडं रीतच आहे. संतरामही पेटवतो, आणि आग दर साली करवंदात शिरते. गालात तंबाखू असल्यानं त्याचा 'र' काही बाहेर पडत नाही.

"मी काय कयू? वायं फियलं!"

"वारं माझ्याच अंगावर काहून फिरतं हो, संतरामभाऊ?"

"जळालं तं काय झालं? फुटतंय की पयत."

काकूला हेच सोसत नाही. फुटतं, खरंय. पण कोंबाला फळ धरायला दोन-तीन सालं लागतात, आणि तोवर पुन्हा काडी पडते. औंदा एक बाजू फळांनी लगडली होती. काकूनं संतरामाला नामदेव महाराजांची आण घातली आणि मग कुठं ती गोरेगावला भाचीच्या लग्नाला गेली. परत येऊन बघते तर तीच बाजू काळी. उरली ती मागं जळून नुकती फुटलेली, बिनफळाची.

दुसऱ्या दिवशी संतरामाची बायको सखुबाई पातेलं घेऊन दारात हजर.

"जनकाबाई, आमच्या पोरीला, प्रियंकाला, रगत कमी सांगितलंय. थोडी करवंदं द्या की."

काकूनं तिला हाताला धरून धुऱ्यावर नेलं. "तोडा."

"याच्यावर काय हाय, बाई?"

"तुमच्या मालकानं ठेवलं ते!"

त्या दुपारी सखुबाई नवऱ्याला एवढं बोलली की गावातल्या घरांचे पत्रे वाजले. पण उरलेल्या जाळीशेजारचं गवत तसंच उभं होतं. संतरामाचा काय भरवसा? काकूनं विळा घेतला आणि त्याच्या बाजूचं गवत स्वतःच कापायला बसली. संतराम लिंबाखाली बसून बघत होता.

"काहून तकलीफ घेता, जनकाबाई? आत्ता पेटवून देतो की."

काकूचा विळा चालूच राहिला. भारा बांधून डोक्यावर घेतला आणि ती शेळ्यांकडं निघाली, तसा संतराम ताडकन उठला.

"ओ बाई! गवत कुठं घेऊन चालल्या? धुया माझा हाय!"

काकू जागीच थांबली. मग तिनं भारा शेळ्यांपुढं आपटला आणि विळा घेऊन दुसऱ्या भाऱ्यासाठी वळली.