सातव्या जोडीची बारावी फेरी

कॉव्हेंट्रीला आम्ही ज्या घरात राहायचो, त्याच्या खालच्या मजल्यावर घरमालक राहायचे आणि वरच्या मजल्यावर आम्ही. आम्ही म्हणजे मी आणि नवरा. दोघंही पुण्याचे, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. नवरा कोड लिहायचा आणि मी टेस्टर होते. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या कोडमधल्या चुका शोधायच्या आणि त्या त्यांना नम्र भाषेत कळवायच्या. संसाराला हा चांगला पाया आहे, असं माझ्या आईचं मत होतं.

दोन हजार सहाच्या हिवाळ्यात माझं प्रोजेक्ट संपलं आणि दुसरं मिळेपर्यंत कंपनीनं मला घरी बसवलं. घरमालकांना हे लगेच कळलं, कारण सकाळी दहा वाजता वरून पावलांचा आवाज येऊ लागला. त्यांनी पंच्याहत्तरी ओलांडली होती, बायको जाऊन काही वर्षं झाली होती, आणि कुठल्या आठवड्यात कुठली कचऱ्याची बिन बाहेर ठेवायची हे त्यांनी मला आतापर्यंत तीनदा समजावलं होतं. एका सकाळी ते बिस्किटांचा एक जुना डबा घेऊन वर आले. डब्यात शाळेतल्यासारख्या वह्या होत्या.

"तुला टाइप करता येतं ना, लव?" त्यांनी विचारलं. तिकडे कुणालाही 'लव' म्हणतात.

पुण्याच्या माणसाला 'नाही' म्हणणं अजिबात जड जात नाही. पण समोर घरमालक होते आणि बाहेर बर्फ पडत होतं. मी हो म्हटलं.

त्या वह्यांमध्ये सहा दिवसांच्या सायकल शर्यतीचा इतिहास होता. सत्तरच्या दशकात गावातल्या प्रदर्शनाच्या हॉलमध्ये दर हिवाळ्यात लाकडाचा ट्रॅक उभा करायचे. ट्रॅक वळणावर भिंतीसारखा चढलेला. त्यावर सलग सहा संध्याकाळी सायकलपटू गोल गोल फिरायचे आणि खाली मधल्या जागेत लोक बिअर पीत त्यांच्याकडे बघायचे. घरमालक त्या शर्यतीत फेऱ्या मोजणारे पंच होते. आता सायकल क्लब तिच्यावर एक पुस्तिका काढणार होता. ती लिहायचं काम त्यांनी अंगावर घेतलं होतं आणि टाइप करायचं माझ्या अंगावर टाकलं.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला मूळ इतिहास सांगितला. या शर्यतींची सुरुवात एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये झाली. तेव्हा एकच माणूस सहा दिवस जमेल तितका वेळ सायकल चालवायचा. सहाच दिवस, कारण सातव्या दिवशी रविवार आणि रविवारी देवाला असले प्रकार चालत नसत. पुढे ही शर्यत अमेरिकेला गेली, तिथे लोक सायकलवर बसल्या बसल्या भ्रमिष्ट व्हायला लागले, म्हणून एका माणसानं दिवसात किती तास चालवायची यावर कायद्यानं मर्यादा आली. मग आयोजकांनी दोघादोघांच्या जोड्या केल्या आणि शर्यत चालूच ठेवली. कायद्यातून पळवाट काढण्याची ही पद्धत मला अगदी घरची वाटली.

मीही त्यांना सांगितलं की आमच्याकडे असा माणूस यायचा. मैदानात सात दिवस सात रात्री सायकल चालवायचा, सायकलवरच जेवायचा, सायकलवरच दाढी करायचा, आणि लाउडस्पीकरवर दिवसभर गाणी लागायची.

"फेऱ्या कोण मोजायचं?" घरमालकांनी विचारलं.

"कुणीच नाही."

त्यांना मनापासून वाईट वाटलं.

कारण त्यांच्या मते शर्यत म्हणजे मोजणी. जोडीतला एक जण शर्यतीत असतो, दुसरा ट्रॅकच्या वरच्या कडेनं हळूहळू फिरत दम खातो. मग दुसरा खाली येतो, पहिला त्याचा हात धरून त्याला पुढे भिरकावतो, आणि भूमिका बदलतात. एखादी जोडी घोळक्यातून निसटते, जीव तोडून अख्खा ट्रॅक फिरते आणि त्याच घोळक्याला मागून येऊन मिळते. म्हणजे तिनं एक फेरी कमावली. सहा दिवसांत ज्याच्या फेऱ्या जास्त, तो जिंकला. फेऱ्या सारख्या असतील तरच गुण बघायचे, म्हणजे अधूनमधून घंटा वाजवून जे वेगाचे स्प्रिंट लावतात त्यांत मिळवलेले. त्यामुळे बघणाऱ्याला जो सगळ्यांत पुढे दिसतो, तो खरं म्हणजे सगळ्यांत मागे असू शकतो. ऑफिसात चार वर्षं काढल्यामुळे मला हे समजायला वेळ लागला नाही. खरं काय चाललंय, हे अख्ख्या हॉलमध्ये फक्त फेऱ्या मोजणाऱ्याला माहीत असतं.

"आणि माझी एकही फेरी कधी चुकली नाही," घरमालक म्हणाले. हे वाक्य पुस्तिकेच्या पहिल्या पानावर होतं. क्लबमध्येही त्यांची ओळख तीच होती. एखाद्या गोष्टीवरून वाद झाला की लोक त्यांच्याकडे यायचे, कारण हा माणूस चुकत नाही.

मी सगळ्या वह्या एक्सेलमध्ये घातल्या. त्यांनी मला फक्त मजकूर टाइप करायला सांगितला होता, आकड्यांचं कुणी काही म्हटलं नव्हतं. पण जित्याची खोड. प्रत्येक कमावलेल्या फेरीपुढे पेन्सिलनं वेळ लिहिलेली होती, मिनिट आणि सेकंदासकट. दोन आठवडे मी त्या वेळा जुळवत बसले आणि त्या माणसाबद्दल माझा आदर वाढत गेला. इतकी स्वच्छ नोंद मी आमच्या कंपनीत कधी बघितली नव्हती.

शेवटच्या वर्षाच्या वहीत पाचव्या संध्याकाळी सातव्या जोडीच्या अकरा फेऱ्या होत्या. पुढच्या ओळीत बारा. त्या बाराव्या फेरीपुढे वेळ नव्हती आणि ती एकटी शाईनं लिहिलेली होती. सातवी जोडी त्याच एका फेरीनं जिंकली होती. ती फेरी काढली तर चौथी जोडी तिच्या बरोबरीला येत होती, आणि गुण चौथीचे जास्त होते.

टेस्टरला असं काही सापडलं की जो आनंद होतो, तो मला झाला. ही गोष्ट मी लपवणार नाही.

आता माझी चूक. आमच्या धंद्यात कुठलंही काम पुढे पाठवताना सोबत माहीत असलेल्या दोषांची यादी जोडायची असते. यादी न जोडता काम पाठवणं म्हणजे पाहुण्यांना नासलेलं दूध देण्यासारखं आहे. घरमालक त्या आठवड्यात मेडनहेडला मुलीकडे गेले होते, त्यांना ईमेल नव्हता, मुलीचा नंबर माझ्याकडे नव्हता, आणि क्लबच्या सेक्रेटरीनं शुक्रवारपर्यंत फाइल मागितली होती.

"अगं, पाठवून टाक ना," नवरा म्हणाला. "फ्रायडे ईव्हनिंगला कोण ओपन करतंय? मंडेला ते आले की डिस्कस कर."

"आणि डिफेक्ट लिस्ट?"

"ती तर लावायलाच पाहिजे. प्रोसेस आहे."

मी यादी जोडली. तीत एकच नोंद होती. अपेक्षित निकाल: चौथी जोडी विजयी. प्रत्यक्ष निकाल: सातवी जोडी विजयी. तीव्रता: उच्च. संभाव्य कारण: पंचाची चूक.

सेक्रेटरीनं शुक्रवारी संध्याकाळीच फाइल उघडली आणि पत्ता मिळेल त्या प्रत्येक जुन्या खेळाडूला पुढे पाठवली. सोमवारी घरमालक परत आले तेव्हा त्यांच्या घरच्या फोनवर सहा निरोप होते.

नवरा म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण." प्रोसेसचं त्यानं पुन्हा नाव काढलं नाही.

संध्याकाळी घरमालक वर आले. मी इतकी घाबरले होते की त्यांना बसा म्हणायचंही विसरले. ते आपणहून बसले. मी माफी मागायला सुरुवात केली, पण त्यांनी हात वर केला.

"पेन्सिलचं टोक मोडलं," ते म्हणाले. "मी चाकू काढायला खाली वाकलो. माझा मदतनीस सँडविच आणायला गेला होता. मी वर बघितलं तेव्हा लोक ओरडत होते आणि सातवी जोडी घोळक्यात होती. त्यांच्यातल्या एकानं मला बोट वर करून दाखवलं, एक फेरी. लोक काय, कशालाही ओरडतात. मी शेजारच्या वार्ताहराचं पेन घेतलं आणि लिहिलं."

"म्हणजे त्यांनी फेरी कमावली होती?"

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "तेव्हाही माहीत नव्हतं. चौथीनं तक्रार केली. मी बघितलंय म्हणून सांगितलं. त्यानंतर ती शर्यत कधी झालीच नाही. हॉल पाडला. तुम्ही कोथिंबीर आणता ते सुपरमार्केट तिथेच आहे." मग म्हणाले, "मी बायकोलासुद्धा सांगितलं नाही."

मी म्हटलं की यादी मागे घेते, माझी चूक झाली असं सगळ्यांना कळवते. मी ते मनापासून म्हटलं होतं. तीस वर्षं ज्या एका गोष्टीवर हा माणूस ताठ उभा होता, ती मी एका एक्सेल शीटनं काढून घेतली होती.

"यादी राहू दे," ते म्हणाले. "तेवढं पहिल्या पानावरचं वाक्य काढ."

पुस्तिकेचा कार्यक्रम एका शनिवारी दुपारी क्लबच्या हॉलमध्ये झाला. सातव्या जोडीतले दोघंही वारले होते. चौथ्या जोडीतला एक वारला होता, दुसरा वॉटफर्डहून आला होता. त्यांना सगळे नुसते 'चार नंबर' म्हणत होते. गुडघे गेलेले, पण कोट कडक इस्त्रीचा. चहापाण्याची जबाबदारी अर्थातच माझ्याकडे आली होती, कारण ही सगळी भानगड मी करून ठेवली आहे हे एव्हाना सर्वांना माहीत होतं. मी पोहे करून नेले होते. ते कुणी खाल्ले नाहीत, पण सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं.

घरमालक बोलायला उभे राहिले. कागद नव्हता. त्यांनी पेन्सिल, चाकू, पेन, सगळं सांगितलं. "मी बघितलं म्हणालो, ते खोटं होतं," ते म्हणाले. मग चार नंबरकडे वळून म्हणाले, "तुमची शर्यत मी घालवली असेन. घालवली की नाही, हेसुद्धा मला सांगता येत नाही. मला माफ करा."

चार नंबर उठले, काठी टेकत पुढे गेले आणि घरमालकांचा हात दोन्ही हातांत घेतला. टाळ्या सुरू झाल्या. सेक्रेटरीनं रुमाल काढला. नवऱ्यानं माझ्याकडे बघून मान डोलावली, म्हणजे बघ, शेवटी चांगलंच झालं. मलाही तसंच वाटलं. रडू येतंय असं वाटून मी किचनमध्ये गेले आणि कप विसळायला लागले.

थोड्या वेळानं चार नंबर हातात सॉसेज रोलची प्लेट घेऊन आत आले. खुशीत होते. म्हणाले, "ती यादी करणारी तूच ना? फार बारीक नजर आहे तुझी."

मी आभार मानले.

"पण चुकलीस," ते म्हणाले. "फेरी त्यांनी कमावली होती."

मी नळ बंद केला.

"घोळक्यात सगळ्यांत मागे मीच होतो. ते मागून आले आणि माझ्या शेजारून पुढे गेले. माझा जोडीदार पलीकडच्या वळणावर वरच्या कडेला दम खात होता, त्याला दिसलं नाही. तो बिचारा आपल्याला लुटलं असं म्हणतच गेला."

"मग तुम्ही तीस वर्षं बोलला का नाहीत?"

"हरलो म्हणून सांगण्यापेक्षा लुटलं म्हणून सांगणं सोपं जातं, डिअर. लोक जवळ बसवून घेतात." ते सॉसेज रोल खाऊ लागले. "आता काय त्याचं? त्याला मोकळं वाटलं, मलाही बरं वाटलं. तेवढं हे यादीत घालू नकोस."

मला भयंकर राग आला. बाहेर एक म्हातारा माणूस न केलेल्या चुकीची माफी मागून बसला होता आणि लोक त्याच्या खांद्यावर थोपटत होते. मी आवाज न चढवता म्हटलं, "तुम्ही आत्ता जाऊन त्यांना सांगा. नाहीतर मी माईकवर सांगते."

ते हसले. मी हसले नाही.

मी त्यांच्या मागोमाग हॉलमध्ये गेले. थोपटणारे लोक एव्हाना चहाकडे वळले होते आणि घरमालक कोपऱ्यातल्या टेबलाशी एकटेच बसले होते, समोर चहा निवत होता. चार नंबर त्यांच्यासमोर उभे राहिले, इकडेतिकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "ती फेरी होती. आले होते ते."

घरमालकांनी वर बघितलं. ते चिडले नाहीत, चकितही झाले नाहीत.

"कुठे?" त्यांनी विचारलं.

"मागच्या सरळ पट्ट्यावर. बारच्या समोर. वरच्या बाजूनं आले, माझ्या कोपराला घासून गेले."

"वेळ?"

"वेळ कुठली आठवायला?" चार नंबर म्हणाले. "शेवटच्या स्प्रिंटची घंटा व्हायच्या जरासं आधी."

घरमालकांनी डोळे मिटले. त्यांचे ओठ हलत होते. सेकंद मोजत होते की काय, कोण जाणे. मग त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ते रडायला लागले, चांगले मोठ्यानं, लहान मुलासारखे. मघाशी टाळ्या वाजवणारी सगळी माणसं वळून बघायला लागली. चार नंबरना काय करावं कळेना, ते प्लेट धरून तसेच उभे होते. मी ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि त्यांच्यासाठी एक खुर्ची ओढली.