भटूभाऊचं बाथरूम आणि माझी घासाघीस

धुळ्यात माझ्याइतकी घासाघीस कोणाला जमत नाही, आणि म्हणूनच आमचं बाथरूम ऐन उन्हाळ्यात उघडं पडलं होतं.

घासाघीस ही माझी विद्या आहे. आमच्या देवपुरातल्या बायका साडी घ्यायला निघाल्या की नवऱ्याला घरी ठेवतात आणि मला सोबत नेतात. पाचकंदीलला भाजीवाले मला लांबून पाहतात आणि जुडीवरचा हात हळूच मागे घेतात. याची रीत सोपी आहे. जिथं पोचायचंय तो आकडा कधी बोलायचा नाही, त्याच्या बऱ्याच पुढचा बोलायचा. समोरचा ओढत ओढत आपल्याला मागे आणतो, आणि आपण बरोब्बर जिथं हवं तिथं येऊन थांबतो. (वर चेहरा असा ठेवायचा की आपलं मोठं नुकसान झालं.)

आमच्या ह्यांना यातलं ओ की ठो कळत नाही. समोरच्यानं शंभर म्हटले की हे शंभर काढून देतात, वर त्याला विचारतात, "चहा घेणार का?" संसाराची इतकी वर्षं मी ह्यांना भाजीला पाठवलेलं नाही, ते उगीच नाही.

तर बाथरूम. भिंतीतून पाणी झिरपायला लागलं आणि पलीकडच्या खोलीतल्या कपाटाला बुरशी आली. प्राजूचं, म्हणजे आमच्या मुलीचं, लग्न मागच्या थंडीत झालं. जळगावला दिली आहे. आता तिची लग्नानंतरची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, येत होती. आमच्या खान्देशात दिवाळीला एक वेळ मुलगी आली नाही तरी चालतं, पण आखाजीला लेक माहेरी पाहिजे म्हणजे पाहिजे. झोका, गौराई, आमरस, खापरावरची पुरणपोळी, सगळं तिच्यासाठी. मी मनाशी ठरवलं की लेक येण्याच्या आत बाथरूम नवंकोरं करायचं.

कोणीतरी भटूभाऊ मिस्त्रीचं नाव सांगितलं. उंच, सावळा, खिशाला पेन्सिल, बोलणं कमी. त्यानं भिंतीवर बोटानं टकटक केलं, खाली वाकून पाहिलं आणि पंचवीस हजार सांगितले. मी माझ्या रीतीप्रमाणे पंधरावर उडी मारली. तो हसला आणि निघाला. दारापर्यंत गेला तेव्हा मी सहज विचारलं, गाव कोणतं? तर शिंदखेड्याजवळचं, माझंच माहेर! त्याची गल्ली आमच्या गल्लीच्या मागची. माझा जीव असा हरखला म्हणून सांगू. पण विद्या ती विद्या. मी लगेच डोक्यावर पदर घेतला आणि म्हटलं, मग तर तू माझा भाऊच झालास, आणि भाऊ बहिणीकडून पंचवीस घेतो होय?

भटूभाऊ परत येऊन खुर्चीत बसला.

"तू आपला गावनी शे? मंग भाव काय करना, घरनं काम शे," म्हणाला आणि बावीसवर आला.

त्या रात्री मी ह्यांना दोनदा ऐकवलं की नुसतं नातं लावून तीन हजार वाचवले. हे म्हणाले, छान.

नातं लावणं सोपं असतं, पण ते नंतर चालवावं लागतं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. मिस्त्रीला अर्धा कप चहा चालतो, भावाला चालत नाही. भाऊ म्हटल्यावर त्याला नाश्ता आला. नाश्ता केला की जेवणाचं कसं विचारायचं नाही? मग भरीत, कळण्याची भाकरी, शेवभाजी. सोबतच्या दोघा गड्यांना उपाशी ठेवून भावाला वाढता येतं का? त्यांचीही पानं मांडली. दुपारी तिघं पोटभर जेवून गच्चीच्या जिन्यात आडवे व्हायचे. मिस्त्रीला उठवता येतं. भावाला झोपेतून उठवायचं म्हणजे जिवावर येतं हो. मी पंखा तेवढा त्यांच्याकडे फिरवून द्यायची.

तरी काम चाललं होतं. जुन्या फरशा निघाल्या, भिंत फुटली, आणि एके दिवशी भटूभाऊनं मला हाक मारली. आतला पाईप हातात घेतला तर त्याचा भुगा झाला.

"ताई, पाईप बठ्ठा सडेल शे," तो म्हणाला. सगळी लाईन नवीन टाकावी लागेल, अठ्ठावीस होतील.

पाईप मी स्वतः पाहिला होता. सडलेला होता, त्यात खोटं काही नव्हतं. पण बावीसचे अठ्ठावीस झाल्यावर मी गल्लीत तोंड कसं दाखवणार? बावीसची बातमी मी चार घरी सांगून बसले होते. मी म्हटलं, शब्द म्हणजे शब्द, बावीसच्या वर एक रुपया नाही, आणि भाऊ असं करतो का? तो म्हणाला, ताई, दुकानदार पाईप देताना मला भाऊ म्हणत नाही. मला राग आला, कारण उत्तर चांगलं होतं. मी पुष्कळ काही बोलले. त्यानं ऐकून घेतलं, थापी धुतली, पाटीत ठेवली, "येतो ताई" म्हणाला आणि गेला.

आणि आलाच नाही.

फोन केला की इतका गोड बोलायचा की भांडणच करता येईना. शिरपूरला स्लॅब चालू आहे ताई. दोंडाईचाला एक छोटं काम आहे ताई. दाजी बरे आहेत ना? इकडे दाजी मागच्या अंगणात, दोन खाटा उभ्या करून त्यांवर चादर टाकलेल्या आडोशात अंघोळ करत होते. वारा आला की चादर उडायची आणि शेजारच्या गच्चीवर पापड वाळवणाऱ्या मावशी तोंड फिरवायच्या. ह्यांनी मला एका शब्दानं काही म्हटलं नाही. फक्त एकदा, डोकं पुसता पुसता, अठ्ठावीस देऊन टाकू या का, असं विचारलं. मी असं पाहिलं की पुन्हा विचारलं नाही.

आखाजी जवळ आली. प्राजूला फोनवर खरं ते सांगावं लागलं. ती शहाणी मुलगी, लगेच म्हणाली, आई, एवढं काय त्यात, मी पुढच्या वर्षी येईन. इकडे सासूबाई आहेत, झोका इथंही बांधतात.

तिनं मला बरं वाटावं म्हणून म्हटलं, पण मला माझीच आखाजी आठवली. माझे आईवडील गेल्यापासून मला माहेरची आखाजी नाही. सख्खा भाऊ सुरतला कापड मार्केटात, गावच्या घराला कुलूप. आखाजीच्या दिवशी रस करताना दरवर्षी माझे डोळे भरून येतात आणि मी सांगते, कांदा चिरला. (रसात कांदा नसतो हे ह्यांनी कधी विचारलं नाही, ही त्यांची चांगली बाजू.) आणि आता माझ्या लेकीची पहिलीच आखाजी सहा हजारांच्या हट्टापायी बुडणार होती. मी त्या फुटक्या बाथरूमच्या उंबऱ्यावर बसून चक्क रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भटूभाऊचाच फोन आला. मी फणकाऱ्यानंच उचलला. तर तो अडखळत म्हणाला, "अक्का म्हणस, ताईले आन् भाचीले आखाजीले आपलाकडे लई ये."

म्हणजे आम्हा मायलेकींना आखाजीला घरी घेऊन ये, असा अक्काचा हुकूम. अक्का म्हणजे त्याची आई. मागच्या गल्लीतली अक्का! लहानपणी आमच्या सगळ्या पोरींचे झोके तीच बांधायची. कामाचं तिला कळलं होतं आणि तिनं भटूभाऊची बरीच खरडपट्टी काढली असावी, असं आवाजावरून वाटलं.

मी हो म्हटलं. प्राजूला फोन केला, तीही हरखली. आणि फोन ठेवते न ठेवते तोच माझ्यातली विद्या जागी झाली. आमच्या गावात एक रीत आहे. आखाजीच्या दिवशी माहेरवाशिणीनं जे मागितलं त्याला नाही म्हणत नाहीत. मी आता माहेरवाशीण म्हणूनच चालले होते. म्हणजे झोक्यावर बसायचं, गोड बोलायचं आणि सगळ्यांसमोर बावीस मागायचे. बिचारा नाही कसा म्हणेल? बेत ऐकून हे म्हणाले, अगं, ते लोक आपल्याला जेवायला बोलवतायत. मी म्हटलं, तुम्हाला व्यवहार कळत नाही.

आदल्या दिवशी दुपारी पोचलो. प्राजू जळगावहून गाडीनं शिंदखेड्याला उतरली, तिला आणायला भटूभाऊ स्वतः मोटरसायकल घेऊन गेला. उन्हातून आल्यावर मी हातपाय धुवायला बाथरूम विचारलं. भटूभाऊची बायको लाजून हसली आणि तिनं बोट दाखवलं. तीन अर्धवट भिंती, चौथ्या बाजूला पडदा, खाली एक शहाबादी फरशी आणि नळाच्या जागी भोक! ती म्हणाली, सगळ्या जिल्ह्याची बाथरूमं बांधून झाली की आमचं धरणार आहेत. ह्यांनी तो पडदा फार आपुलकीनं पाहिला. म्हणाले, वाऱ्यानं उडत नाही, आपल्यापेक्षा बरं आहे.

सकाळी उठले तर अंगणातल्या कडुलिंबाला झोका बांधून तयार. अक्का आता कमरेतून वाकली आहे, पण दोर तिनं स्वतः ओढून पाहिला होता. आत पूर्वजांच्या नावानं पाण्याच्या घागरी मांडल्या होत्या, वर आंबा ठेवलेला. एक घागर जरा बाजूला होती. मी विचारलं, ही कोणाची? अक्का म्हणाली, तुझ्या मायची. तुमच्या घराला कुलूप पडल्यापासून दरवर्षी भरते.

मी त्या घागरीपुढे खाली बसले.

"तुनी माय नही ते काय व्हयनं, मी शे ना," असं म्हणत अक्कानं माझ्या पाठीवरून हात फिरवला. या वेळी मी कांद्याचं नाव घेतलं नाही. सरळ तिच्या कुशीत तोंड घालून रडले. बाहेर प्राजू झोक्यावर उंच जात होती, गल्लीतल्या बायका गाणी म्हणत होत्या आणि हे ओट्यावर पुरुषमंडळींत पत्ते खेळायला बसले होते.

जेवणं झाली. रस झाला, पोळ्या झाल्या, सांजोऱ्या झाल्या. तेव्हा अक्कानंच विषय काढला. सगळ्यांसमोर भटूभाऊला म्हणाली, बहिणीच्या घरचं काम अर्धं सोडतो, लाज वाटत नाही? उद्या जा आणि पुरं कर, आणि वीसच घे.

मला हवे होते बावीस, मिळत होते वीस. गप्प बसायचं होतं, दुसरं काही करायचं नव्हतं. पण समोर भटूभाऊ खाली मान घालून बसला होता, मागे तो पडदा हलत होता, पोटात त्याच्या घरचा रस होता, आणि आत आईची घागर होती. मी म्हणाले, वीस कसे अक्का? पाईप सडलेला होता, मी डोळ्यांनी पाहिलाय. अक्का म्हणाली, बरं, बावीस. मी म्हटलं, पाईपच केवढ्याचा येतो! अक्का म्हणाली, बावीसच्या वर जायचं नाही. आता मात्र माझ्या अंगात आलं. मला पोचायचं होतं अठ्ठावीसवर. आणि पोचायचंय तो आकडा मी जन्मात कधी बोललेले नाही.

"तीस!" मी म्हटलं. "तीसच्या खाली एक रुपया घेतलास तर माझ्या बाथरूमला हात लावायचा नाही!"

आता अक्का म्हणणार चोवीस, मी म्हणणार एकोणतीस, असं करत आम्ही अठ्ठावीसला येऊन थांबणार, असा माझा हिशोब होता. पण अक्कानं हात जोडले.

"आखाजीले लेकना शब्द कोणी मोडत नही," ती म्हणाली.

भटूभाऊनं मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, दाजींकडे पाहिलं. "ताई म्हणस ते मंग तीसच," तो म्हणाला, आणि प्रामाणिकपणे सांगते, त्याच्या चेहऱ्यावर मोठं नुकसान झाल्यासारखा भाव होता.

प्राजू झोक्यावरून उतरून इतकी हसली की तिला ठसका लागला. ह्यांनी शांतपणे पत्ते खाली ठेवले आणि विचारलं, "भटूभाऊ, चहा घेणार का?"

बाथरूम झकास झालं. प्राजू मग आमच्याकडे आठवडाभर राहिली आणि रोज तासभर अंघोळ केली. आता दिवाळीच्या आत घराला रंग द्यायचा आहे. भाव ठरवायला मी जाणार नाही, हे जाणार आहेत. ह्यांना घासाघीस येत नाही, रंगारी मागेल तेवढेच देतील, आणि माझ्यापेक्षा ते स्वस्तच पडेल.